होडीच्या ट्रोलिंग मोटरला बॅटरी कुठली घ्यावी? ट्रॅक्टरची लावली तर धरणाच्या मधोमध बसली

घटप्रभेचा_गळवाला (रविवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. धाग्याचं नाव वाचून हसू नका, हसायचं ते आमच्या मामानं आदीच हसून घेतलंय.

झालं असं, दिवाळीत गोव्याहून एकाकडनं जुनी ट्रोलिंग मोटर (होडीला लावायची, बॅटरीवर पंखा फिरवून हळू पुढं नेणारी) आणली, ५५ पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायचा जोर), १२ व्होल्टवाली, पाच स्पीडची. चोर्ल्यातनं बाईकवर मांडीवर घेऊन आलो. होडी आमची १२ फुटी फायबरची, माणसं दोन न्हाईतर तीन, सगळं वजन धरून ४०० किलोच्या आतबाहेर. हिडकलच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातो, रीतसर पास काढून. मोटर आली खरं बॅटरी कुठली? घरात ट्रॅक्टर हाय, त्याची ८८ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती साठा मावतो ते) बॅटरी काडली आणि लावली. पयल्या रविवारी मस्त, दुसऱ्या रविवारी पण मस्त. तिसऱ्या रविवारी कटला लागंना म्हणून जरा आत, अजून जरा आत असं करत दीडेक किलोमीटर गेलो, परत फिरायला मोटर पाचवर टाकली तर २५ मिनिटांत आवाज बारीक बारीक होत गेला, पंखा फिरतोय खरं होडी काय पुढं जाईना, आणि वारं समोरनं. मामानं वल्हं घेतलं. दोन तास एक शब्द बोलला न्हाई. काठाला लागल्यावर म्हणाला, "उद्या तुझा बाप ट्रॅक्टरला काय लावणार, वल्हं?"

सोमवारी ट्रॅक्टर खरंच चालू झाला न्हाई. उतारावरनं ढकलावा लागला, ते पण चार गडी लावून. त्यामुळं आता घरात ह्या विषयावर मतदान झालंय आणि नवीन बॅटरी घ्यायची ठरलंय. कुठली घेऊ? इन्वर्टरची १५० एएचची घेतली तर दिवसभर चालंल असं एकजण म्हणतोय. लिथियम घे असं दुसरा म्हणतोय. कळंना झालंय.

चोर्लाघाट_रायडर (रविवार, रात्री ९:३०)

मला वाटलं ट्रोलिंग म्हणजे आपलं नेहमीचं, कुणाला तरी धुतलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो की ओ.

उद्यमबाग_फिटर (रविवार, रात्री १०:०५)

भावा बॅटरी बसली नाही, तू बसवलीस. ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे शर्यतीचा बैल आणि तू त्याला नांगराला जुंपलास. सेल्फ मारायला तीन-चार सेकंद शेकड्यानं अँपिअर पाहिजेत म्हणून त्यात प्लेटा पातळ आणि जास्त घातलेल्या असतात, एकदम करंट सोडायचा आणि लगेच अल्टरनेटरनं परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिला तळापर्यंत उतरवलं की प्लेटवरचा मसाला सुटून खाली पडायला लागतो. असं पन्नासेक वेळा केलंस तर ती कायमची गेली समज, आणि तुझी आधीच जुनी असणार.

तुला पाहिजे डीप सायकल, जाड प्लेटवाली. हळूहळू उतरवायची, परत भरायची, परत उतरवायची. आपल्याकडं ती तीन रूपात मिळते, घरातली इन्वर्टरची ट्यूब्युलर, ई-रिक्षाची, आणि लिथियम. गोव्याला बोटवाल्यांच्या दुकानात मरीन लिहिलेली पण मिळते, पण तिच्यावर नुसत्या मरीन शब्दाला भुलू नको, त्यातल्या बऱ्याच अर्धी स्टार्टिंग अर्धी डीप सायकल असतात. बॅटरीवर सीसीए (थंडीत सेल्फ मारायला किती करंट देते ते) हाच आकडा मोठा छापलाय आणि एएच बारीक, तर ती स्टार्टिंगकडं झुकलेली आहे असं समजायचं.

बॅटरीवाली_निपाणी (सोमवार, सकाळी ८:२०)

आमचं घरचं बॅटरीचं दुकान आहे म्हणून सांगते, गिऱ्हाईक दारात येऊन पहिला हाच प्रश्न विचारतं, "ताई, १५० म्हणजे दिवसभर ना?" नाही हो. इन्वर्टरच्या बॅटरीवर १५० एएच लिहिलंय त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२० असतं ते वाचायचं. त्याचा अर्थ २० तास लावून सावकाश उतरवली तर १५०, म्हणजे साडेसात अँपिअरनं. घरात एक पंखा आणि एखादा दिवा असला तर साधारण तेवढंच जातं. तुमची ५५ पाउंडची मोटर पाचवर टाकली की ५० अँपिअरच्या आसपास ओढणार. एवढ्या जोरानं ओढलं की लेड अ‍ॅसिड बॅटरी १५० देतच नाही, दोन-तृतीयांश मिळालं तरी नशीब. आणि त्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर आयुष्य कमी होतं. उसाचा रस कसा, घाण्यात सावकाश घातला तर चिपाडातनं पण निघतो आणि घाईनं ढकलला तर रस चिपाडातच राहतो, तसं समजा.

आणखी एक, ट्यूब्युलर उंच असते, अ‍ॅसिडसकट ५५-६० किलो. ती घरात कोपऱ्यात एका जागी बसून राहायला केलेली आहे. होडीत चढवताना तुमची आणि मामांची कंबर जाईल ते वेगळं.

सदलग्याचा_पावणा (सोमवार, सकाळी ११:४५)

ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं हाय. आमच्यात एकानं इन्वर्टरची बॅटरी होडीत ठेवली होती, दुदगंगेत. धक्क्याला होडी जरा कलली, बॅटरी आडवी, वरच्या बुचातनं अ‍ॅसिड सगळं तळाला. खाली जाळं होतं नायलॉनचं आणि त्याची नवी प्यांट होती. जाळं वाचलं, प्यांटीची मात्र दुसऱ्या दिवशी चाळण झाली, धुवायला घेतली तर हातात आली.

जाता जाता सांगतो, २०१९ च्या म्हापुरात आमी चार दिवस काहिलीतनं ये-जा केलीय, गुऱ्हाळाची काहील, दोघं बसायची आणि काठीनं ढकलत जायाचं. त्याच्या पुढच्या वर्षी गावातली पोरं म्हणाली असली मोटर घेऊया म्हणजे पुरात उपयोगी पडंल. घेऊ नका बाबांनो त्यासाठी. ही मोटर माणूस झपझप चालतो तेवढ्या वेगानं जाती, ताशी पाच-सहा किलोमीटर. पुराची ओढ त्याच्यापेक्षा जास्त असती, पंखा पुढं ढकलतोय आणि होडी मागं जातीय असं होतंय. ही मोटर धरणाच्या आणि तळ्याच्या थांबलेल्या पाण्याची.

खानापूरचे_मास्तर (सोमवार, सायंकाळी ६:१०)

मी आयटीआयला इलेक्ट्रिकल शिकवत होतो, आता निवृत्त. सगळ्यांची उत्तरं बरोबर आहेत पण क्रम चुकतोय. बॅटरी कुठली हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुमची मोटर प्रत्यक्षात किती ओढते आणि तुम्ही ती किती वेळ कुठल्या स्पीडला चालवता. हे मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका, दुकानदार जे शिल्लक आहे ते देईल (निपाणीच्या ताई अपवाद).

डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) मिळवा. वायरमनकडं असतो तो बहुतेक नुसता एसीचा, तो तुमच्या वायरीवर शून्यच दाखवेल, मग मोटर काही ओढतच नाही म्हणून खूश होऊ नका. प्रत्येक स्पीडला पाण्यात अँपिअर लिहून घ्या आणि मोबाईलच्या जीपीएसवर वेग. दुसरं, बॅटरीपासून मोटरपर्यंत वायर कुठली आणि किती लांब, ते सांगा.

गंमत म्हणून सांगतो, विजेची ट्रोलिंग मोटर १९३४ साली अमेरिकेत फार्गो गावात ओ. जी. श्मिट यांनी केली. फार्गो हे उत्तर डकोटातलं, नदीपलीकडं लगेच मिनेसोटा राज्य, म्हणून कंपनीचं नाव मिन कोटा.

चोर्लाघाट_रायडर (सोमवार, सायंकाळी ६:२२)

म्हणजे मोटर काढली ती सीमाभागातल्याच माणसानं म्हणा की. आणि दोन्ही राज्यांची नावं एकाच पाटीवर, भांडण न करता. मास्तर, हे आमच्या चौकात सांगायला या एकदा.

घटप्रभेचा_गळवाला (सोमवार, रात्री ८:५०)

मास्तर, वायर विचारली आणि मी जरा गप्पच बसलोय. मोटरची मूळ वायर अपुरी पडत होती कारण बॅटरी म्होरं ठेवलीय, मागं मोटर आणि मी, त्यामुळं म्होरलं टोक वर उचलायचं. मग घर बांधताना उरलेली ४ एमएमची वायर होती ती जोडली, जायची ३ मीटर यायची ३ मीटर. जोड पिळून वर टेप मारलाय. एकदा हात लावला तर कोमट लागली होती, मला वाटलं उन्हानं.

खानापूरचे_मास्तर (सोमवार, रात्री ९:१५)

उन्हानं नव्हे. हिशोब करून दाखवतो. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम. तुमची जाऊन येऊन ६ मीटर, म्हणजे जवळपास २८ मिलिओहम. त्यातून ५० अँपिअर गेले की १.४ व्होल्ट वायरीतच पडतात, आणि ७० वॉटची उष्णता त्या वायरीत. एक मोठा बल्ब टेपखाली गुंडाळून ठेवल्यासारखं आहे ते. बॅटरी ओझ्याखाली साडेअकरा देत असेल तर मोटरला मिळतात दहा. तुमच्या बॅटरीचा दोष आहेच पण निम्मा गुन्हा वायरीचा. २५ एमएमची घातली तर पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. १६ ची पण चालेल. टोकाला ट्यूब लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची नळी), प्रेस करून, पिळून नव्हे.

आणि ब्रेकर? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्याअर्थी नसणार.

घटप्रभेचा_गळवाला (सोमवार, रात्री ९:१८)

नाही 🙏 घरातल्या बोर्डातला ३२ चा एमसीबी लावू का?

उद्यमबाग_फिटर (सोमवार, रात्री ९:४०)

नको नको. घरातला एमसीबी एसीचा. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीत ती विझत नाही, तोंड उघडलं तरी आत आर्क पेटलेलाच राहू शकतो. सोलरवाल्यांकडं डीसी एमसीबी मिळतो, ६३ अँपिअरचा घे, त्यावर प्लस मायनस लिहिलेलं असतं तसाच लाव, उलटा लावू नको. आणि बॅटरीच्या प्लसजवळ एक वीतभर अंतरात लाव, मोटरकडं नको, कारण जपायचं वायरीला आहे. होडीत पाणी, टेप मारलेला जोड आणि वर कोण बिडी ओढत असलं तर काय होईल ते तूच बघ.

बॅटरीवाली_निपाणी (सोमवार, रात्री १०:०२)

बिडीवरनं आठवलं. बिडी आमच्या निपाणीचीच असली तरी चार्जिंगच्या खोलीत नको. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. खिडकी उघडी, बुचं बसवलेली पण त्यांची भोकं मोकळी, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत, ठिणगी तिथंच पडते. आमच्याकडं एक म्हातारे बाबा सेल भरलाय का बघायला काडी पेटवून आत डोकावायचे. त्यांच्या मिशा एका बाजूच्या गेल्या होत्या.

घटप्रभेचा_गळवाला (पुढचा रविवार, रात्री ८:३०)

मंडळी, मोजलं. मास्तरांच्या ओळखीच्या एका सोलरवाल्या पोराकडनं डीसी क्लॅम्प मीटर आणला (परत द्यायचाय, मामाच्या ताब्यात ठेवलाय). वायर २५ ची टाकली, लग उद्यमबागेत प्रेस करून घेतले. बॅटरी एक दिवसासाठी मित्राच्या ई-रिक्षाची. वारं फारसं नव्हतं, होडीत मी आणि मामा.

स्पीड एकला ११ अँपिअर, दोनला १५, तीनला २०, चारला २८ आणि पाचला ४७. वेग तीनला ३.६ किलोमीटर ताशी, चारला ४.३, पाचला ५.१. म्हणजे बगा, तीनवरनं पाचवर गेलो तर वेग वाढला दीड किलोमीटर आणि करंट दुपटीच्या वर! मी आजपर्यंत कायम पाचवरच चालवत होतो. मामा म्हणतोय, "घाई कसली हुती तुला, मासं काय बसस्टँडवर थांबल्यात?"

खानापूरचे_मास्तर (रविवार, रात्री ९:०५)

उत्तम. हेच पाहिजे होतं. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, त्यामुळं शेवटचा एक किलोमीटर नेहमी सगळ्यात महाग. तुमच्या ४०० किलोला अंगठेनियमानं १८-२० पाउंड थ्रस्ट पुरतो (शंभर पाउंड वजनाला दोन पाउंड), ५५ म्हणजे वाऱ्यासाठी भरपूर राखीव. पाच हा गिअर फक्त परतीच्या वाऱ्यासाठी ठेवा.

एक बारीक गोष्ट. तुमची मोटर पाच खटक्यांची आहे, तिच्या खालच्या स्पीडला कॉइलमध्ये करंट अडवून उष्णता करून टाकतात, म्हणून एकला सुद्धा ११ जातात. ज्यात गोल फिरवून वेग हवा तसा ठेवता येतो त्या मोटरी करंट तुकडे तुकडे करून देतात, त्यांना खालच्या वेगाला बरीच कमी बॅटरी लागते. आता मोटर बदला असं म्हणत नाही, पुढच्या वेळी घेताना लक्षात असू दे.

हिशोब असा. तुम्ही दिवसाला अडीच-तीन तास तीनवर, अर्धा तास पाचवर धरला तर ६० आणि २४, म्हणजे ८५ एएचच्या आसपास. लेड अ‍ॅसिड घ्यायची तर निम्मीच वापरायची, म्हणून १७० एएच पाहिजे. लिथियममध्ये १०० ची पुरेल, काठोकाठ.

पुण्यातला_बेळगावकर (रविवार, रात्री ९:५०)

मी टिळकवाडीचा, सध्या पुण्यात बॅटरी पॅकच्याच कामात. लिथियम घ्या पण आंधळेपणानं नको. तुम्हाला लागते ती एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. स्कूटर पेटल्याच्या बातम्या वाचून घाबरत असाल तर त्यातल्या बऱ्याच वेगळ्या रसायनाच्या असतात, एलएफपी त्या मानानं फार शांत. चार सेल सिरीजमध्ये, १२.८ व्होल्ट. १०० एएचची साधारण १२ किलो भरते. ९० टक्के वापरली तरी दोन हजार सायकल (एकदा उतरवून भरली की एक) सहज, आणि मुख्य म्हणजे ५० अँपिअर ओढले तरी जवळपास १०० च देते, ताईंनी सांगितलेला चिपाडाचा प्रकार इथं नाही. व्होल्टेज पण शेवटपर्यंत सपाट, त्यामुळं मोटर संध्याकाळी पण सकाळसारखीच पळते.

तोटा पण तोच. सपाट असल्यामुळं व्होल्टमीटर बघून किती उरली ते कळत नाही, १३.१ म्हणजे ७० टक्के का ४० टक्के, सांगता येत नाही. लेड अ‍ॅसिड बिचारी रडत रडत मरते, ही एकदम बीएमएसनं (बॅटरीच्या आतलं, तिला जपणारं सर्किट) बंद होते, धरणाच्या मधोमध, नोटीस न देता. म्हणून शंटवालं मीटर लावाच, जे आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजत बसतं.

विचारायचं काय? बीएमएस किती अँपिअरचा, सतत चालेल असा. मला स्वतःला एकानं १०० एएचची म्हणून विकली, आत उघडून बघितली तर बीएमएस ३० अँपिअरचा, सेल जुने, शिवणकामाच्या डब्यासारखं सगळं स्पंजमध्ये कोंबलेलं. वजन केलं असतं तर दुकानातच कळलं असतं, सात किलो भरली. काटा घेऊन जा दुकानात, लाजू नका.

सदलग्याचा_पावणा (रविवार, रात्री १०:२०)

पैशाचं बोला की कुणीतरी. आमच्यासारख्याला लिथियम परवडतंय काय? मी ई-रिक्षाच्या दोन घेतल्या, पॅरललला जोडल्या, दोन वर्षं झाली चालल्यात. लिथियमच्या निम्म्या पैशात.

बॅटरीवाली_निपाणी (सोमवार, सकाळी ७:५५)

पावणे, तुमचं पण बरोबर आहे. महिन्यातनं दोनदा जाणाऱ्याला लिथियम कशाला? ई-रिक्षाची बॅटरी हलत्या गाडीसाठीच केलेली, डीप सायकल, एकेक तीसेक किलो. वॉरंटी मात्र कमी असते, आणि तुम्ही होडीला वापरताय ते कार्डावर बसतंय का ते आधी विचारा, नंतर दुकानदाराशी भांडू नका. फक्त दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाच्या, एकाच बॅचच्या घ्या. बॅटरीवर तारखेचा कोड असतो तो वाचून घ्या, सहा महिने दुकानात पडलेली नव्या बॅटरीच्या भावानं घेऊ नका. जोडताना प्लस एका बॅटरीचा घ्या आणि मायनस दुसऱ्या बॅटरीचा, म्हणजे दोघी सारख्या राबतात. नाहीतर जवळची झिजते आणि लांबची बसून खाते, घरातल्या दोन जावांसारखं.

गळवाले भाऊ, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, ट्रॅक्टरची जुनी आणि नवी एकत्र जोडायची नाही. जुनी नवीला खाली ओढते.

घटप्रभेचा_गळवाला (सोमवार, सकाळी ८:३०)

ताई तुम्ही मनकवड्या हाय. तेच टाईप करत होतो.

मेंटेनन्सचं पण सांगा की, पाणी कधी घालायचं, कुठलं? घरात आरओ हाय.

बॅटरीवाली_निपाणी (सोमवार, दुपारी १:४०)

आरओचं नाही, नळाचं नाही, पावसाचं नाही, डिस्टिल वॉटर. वीस रुपये वाचवायला जाऊन दहा हजाराची बॅटरी घालवलेली माणसं मी रोज बघते. अ‍ॅसिड परत कधी घालायचं नाही, उडतं ते पाणीच. घालायचं चार्जिंग झाल्यावर, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं.

होडीवरनं आल्या आल्या चार्जिंगला लावा. उद्या लावतो, परवा लावतो करत बसलात की प्लेटवर सल्फेट कडक होतं, मग ती भरूनच घेत नाही. हे नव्वद टक्के लोकांचं दुखणं. रात्रभर सोडून सकाळी व्होल्टेज बघा, १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे तुम्ही तिला छळलंय. चार्जर १०० एएचला दहा अँपिअरचा पुरतो. हायड्रोमीटर शंभर-दीडशेत मिळतो, सहाच्या सहा सेलची ग्रॅव्हिटी (अ‍ॅसिड किती दाट आहे ते) बघा, पाच सारखे आणि एक खाली असला तर तो सेल चालला. टर्मिनलवर हिरवं-पांढरं आलं तर खायचा सोडा पाण्यात घालून ब्रशनं घासा, सोडा बुचातनं आत जाऊ देऊ नका, वाळवून व्हॅसलीन लावा. डोळ्याला चष्मा. एवढंच.

उद्यमबाग_फिटर (सोमवार, दुपारी २:१५)

आणि बॅटरी पट्ट्यानं बांध. नटाला विंगनट नको, हातानं आवळलेला होडीच्या हादऱ्यानं सुटतो, लग ढिला झाला की तिथंच तापून टर्मिनल वितळतं. माझ्याकडं असली दोन वितळलेली टर्मिनलं ठेवलीत, शिकाऊ पोरांना दाखवायला.

घटप्रभेचा_गळवाला (दीड महिन्यानंतर, शुक्रवार, रात्री ९:००)

धागा वर काढतोय. शेवटी १०० एएचची एलएफपी घेतली, बीएमएस १०० अँपिअरचा, काटा घेऊन गेलो होतो, १२ किलो २०० ग्रॅम. दुकानदार माझ्याकडं बगतच राहिला. मीटर लावलं, ६३ चा डीसी एमसीबी, २५ ची वायर. तीनवर चालवतोय. सकाळी सात ते अकरा गळ टाकून परत आलो तर मीटरवर ३८ एएच शिल्लक. दोन कटला, एक मरळ.

खरं एक घोळ झाला. तिसऱ्या फेरीला काठाजवळ केंदाळ होतं, म्हटलं पाचवर टाकून पार करूया. पंखा गच्च. मोटर घुर्रर केली आणि सगळं बंद, मीटरसुद्धा. एमसीबी बगितला तर वरच, पडलेला न्हाई. मामानं माझ्याकडं बगितलं. मी त्याच्याकडं बगितलं न्हाई. मग बॅटरीचा प्लस सोडला, मोटर वर उचलून पंख्यातलं केंदाळ चाकूनं कापून काडलं, मुळं इतकी की दोरखंडासारखी गुंडाळलेली, प्लस परत लावला तर चालू! हे असं का झालं? ब्रेकर का पडला न्हाई?

पुण्यातला_बेळगावकर (शुक्रवार, रात्री ९:२५)

बीएमएसनं ओव्हरकरंटला कट केलं. पंखा अडकला की मोटर म्हणजे नुसती तार, करंट एकदम कितीतरी वर जातो. बीएमएस इलेक्ट्रॉनिक, डोळ्याची पापणी लवायच्या आत कापतो. एमसीबीला तापून पडायला काही सेकंद लागतात, त्याच्या आधीच काम झालं होतं. ओझं काढल्यावर बरेच बीएमएस आपोआप परत जोडतात, तुमचा तसाच आहे. काहींना चार्जर लावल्याशिवाय जाग येत नाही, तो प्रकार पाण्यात वाईट. म्हणून म्हणतो, ही गोष्ट मुद्दाम काठावर एकदा करून बघून ठेवावी.

खानापूरचे_मास्तर (शुक्रवार, रात्री ९:५०)

केंदाळात कमी स्पीडला जावं आणि मधे मधे उलटा फिरवून पंखा मोकळा करावा. नाहीतर मोटर उचलून वल्ह्यानं पार करावं. आता पावसाळ्यात तीन महिने होडी वर काढाल तेव्हा लिथियम पूर्ण भरून ठेवू नका, ५०-६० टक्क्यावर ठेवून वायर सोडा. (लेड अ‍ॅसिडवाल्यांनी उलट करायचं, पूर्ण भरून ठेवायचं आणि महिन्याला एकदा परत भरायचं, सदलग्याचे पाहुणे ऐकताय ना.) चार्जर पण एलएफपीचा, १४.६ ला थांबणारा, ट्यूब्युलरच्या इन्वर्टरवर लावू नका, त्यातला सल्फेट काढायचा मोड व्होल्टेज वर नेतो.

सदलग्याचा_पावणा (शुक्रवार, रात्री १०:१०)

ऐकतोय मास्तर. ह्या महिन्याचं भरायचं राहिलंय, उद्या लावतो.

बॅटरीवाली_निपाणी (शुक्रवार, रात्री १०:१२)

"उद्या लावतो" 😡

चोर्लाघाट_रायडर (शनिवार, सकाळी ७:३०)

ते सगळं ठीक, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचं काय झालं शेवटी?

घटप्रभेचा_गळवाला (शनिवार, सकाळी ८:०५)

ती भरूनच घेईना, निपाणीला ताईंच्यात देऊन आलो, भंगारचे पैसे वजा करून नवीन घेतली. बाबांनी ट्रॅक्टरच्या बॅटरी बॉक्सला कुलूप घातलंय. किल्ली मामाकडं.